सातव्या बेटाची घाई

"पाचव्या बेटावर अजगर हाय. मी लिहून देतो," विनायकने बशीतली गोड घारी उचलत जाहीर केलं. "नायतर नियाजभाय मघाशी दोरखंडाचं येवढं कशाला विचारत होते? किती हात हाय, ओला हाय का सुका हाय!"

"अजगराला दोरखंड कशाला लागेल? विहिरीसाठी असेल," वेणू म्हणाली. "तिथे गोड्या पाण्याची विहीर आहे. आणि ते पाणी प्यायलं की माणूस स्वतःचं नावच विसरतो."

"अगं, तिसऱ्या बेटाच्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस," हायम हसत म्हणाले. "आणि निघालं काय? मधाचं पोळं."

नियाज मुकादम खाली मान घालून चहात घारी बुडवत होता. या तासाला त्याने तोंड उघडायचं नाही, असा नियमच होता. तो आज नेहमीपेक्षा जरा जास्तच काटेकोरपणे पाळत होता, एवढंच.

खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर, हायम पेझारकरांच्या हॉलमध्ये, दर रविवारी तीन ते सहा हा खेळ चाले. पत्ते नव्हेत, कॅरम नव्हे. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक माणूस होऊन शिरायचं. गोष्ट सांगणारा सूत्रधार म्हणजे नियाज. तो म्हणायचा, "होडीतून उतरलात. समोर पांढरी वाळू. वाळूत पावलं उमटलेली आहेत, पण सगळी पाण्याकडे जाणारी. परत येणारं एकही नाही. आता काय करता?" मग तिघे आपापलं काय ते ठरवून सांगत, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवी. विनायक पट्टीचा लढवय्या होता, वेणू वाऱ्याशी बोलणारी चेटकीण, आणि हायम होते होडी हाकणारे तांडेल. सात बेटांपलीकडे हरवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेला, गुडघे दुखणारा, चिडका, पण समुद्राची नस न् नस ठाऊक असलेला तांडेल.

खेळाचं मूळ पुस्तक हायमच्या मावसबहिणीने, सोफीने, एका लग्नाला इस्रायलहून येताना आणलं होतं. इंग्रजी, जाडजूड, आणि सुरुवातीची तीस पानं पाण्याने चिकटून गेलेली. महत्त्वाचे नियम नेमके त्याच तीस पानांत असावेत. मग या मंडळींनी आपले नियम आपणच केले. वीस बाजूंचा फासा विनायकने तळोज्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पितळेचा घडवला. तो इतका जड झाला होता की टेबलावर पडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघत. ज्यांनी ते पुस्तक छापलं त्यांना हा खेळ दाखवला असता, तर त्यांनी बहुधा ओळखलाही नसता.

सात बेटांची ही मोहीम २००४ साली सुरू झाली. आता २०१३चा फेब्रुवारी चालू होता आणि मंडळी जेमतेम चौथ्या बेटावरून उठली होती. रविवार आला की कुणाला तरी लग्न निघे, कुणाची तरी परीक्षा असे, वेणू शिकवायची त्या शाळेत तर कायम काहीतरी तपासणी. पण घाई कुणालाच नव्हती. कारण खरं सांगायचं तर खेळापेक्षा सगळ्यांना आवडायचा तो खेळानंतरचा चहा. पुढच्या बेटावर काय असेल, याचे अंदाज करायचा तास. त्यात सूत्रधाराने गप्प बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याने विचारलेल्या एकेका प्रश्नाचा कीस पाडत बसायचं.

त्या तासाचे राजे हायम. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं आरेखक होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढून हात बसलेला. बेटांचा नकाशाही त्यांनीच काढला होता, शाईने, खोल पाण्याच्या आकड्यांसकट. सातव्या बेटाच्या जागी मात्र कागद कोरा ठेवला होता. वेणू म्हणायची, नुसती कडा तरी काढा की. हायम म्हणायचे, "न बघितलेल्या जमिनीचा नकाशा मी सरकारलाही काढून दिला नाही. तुला कुठला देऊ?"

नियाजला ही सगळी माणसं जिवापलीकडे प्रिय होती, आणि आज त्यांच्यात बसणं त्याला असह्य झालं होतं.

त्याचं कारण शनिवारी दुपारचं. नियाज जुन्या पनवेलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन होता. शुक्रवारी हायम स्वतः तिथे रक्त द्यायला आले होते. दोन जिने चढले की दम लागतो, दात घासताना रक्त येतं, आणि कुठे आपटलो हे आठवत नसताना अंगावर निळे डाग उठतात, असं त्यांच्या डॉक्टरांना सांगितल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. नियाजनेच सुई टोचली होती. "तांडेलाचं रक्त आहे हायमभाऊ, खारट निघणार," असा विनोदही केला होता. शनिवारी मशीनने दाखवलेले आकडे विचित्र आले म्हणून त्याने काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग बराच वेळ तो डोळा काढेना. जिथे असायला नकोत तिथे त्या मोठ्या, कच्च्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. अशा काचा त्याने या बावीस वर्षांत सहा-सात पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकाच्याही मालकाला दुसरी दिवाळी दिसली नव्हती.

लॅबच्या डॉक्टर मॅडमनी काच पाहिली आणि चष्मा काढला. "अजून तपासण्या लागतील. सोमवारी सकाळी मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते, मग रिपोर्ट द्या. तोपर्यंत बोलू नका काही. आपल्याला अर्धंच कळलेलं असतं मुकादम, आणि माणूस घाबरतो पुरता."

संध्याकाळी हायमचा फोन आला तेव्हा नियाजने सांगितलं, "मॅडमची सही राहिलीय. सोमवारी देतो." त्याला वाटलं, ठीक आहे. एक रविवार. एवढा एक रविवार या माणसाला सुखाने जाऊ दे. आपल्याला फक्त नेहमीसारखं वागायचंय.

पण नेहमीसारखं वागायचं असं ठरवून कुणाला ते जमलंय? रविवारी सकाळी तो पाचव्या बेटाची वही घेऊन बसला आणि पाचव्या बेटाबद्दल एक ओळ सुचेना. डोक्यात सारखं सातवं. हायमभाऊंना सातवं बेट दिसलं पाहिजे. त्याने कोरं पान काढलं, वर 'सातवं' असं लिहिलं, आणि पुढे सुचेनाच. पत्नी नूरुन्निसाने दोनदा विचारलं, "क्या हुआ, तबीयत ठीक है?" तर तिच्यावरच खेकसला. मग तिची माफी मागितली.

"हे बघा," इकडे चहाच्या टेबलावर हायम म्हणत होते. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर गेलेली, आणि कोपराच्या खाली हिरवट-निळा डाग. नियाजने नजर दुसरीकडे वळवली. "पाचवं बेट, समजा, या दिवाळीपर्यंत. सहाव्याला दोन वर्षं धरा, कारण विनायक प्रत्येक दगडाशी मारामारी करणार. म्हणजे सातवं उजाडणार दोन हजार सोळाला. मी तेव्हा बासष्टचा. तांडेलाचे गुडघे संपलेले. पण भाऊ भेटणार! आणि माझा नवा अंदाज ऐका. तो कैदेत नाही, आणि मेलेला पण नाही. तो तिथे मजेत आहे. घर केलंय, माडाची बाग केलीय. तांडेल एवढं रान उठवून जातो, आणि हा म्हणतो, बस, चहा घे, पण मी काही येणार नाही."

"मग तांडेल काय करणार?" वेणूने विचारलं.

"तेच तर!" हायमनी टेबलावर थाप मारली. "तेच मला अजून सुचत नाहीये. तीन वर्षं आहेत की हातात. सुचेल."

हायमचे सख्खे दोन भाऊ इस्रायलला जाऊन तीस वर्षं झाली होती. बोलावणी यायची. हायम इथेच राहिले होते. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नसे.

'तीन वर्षं आहेत की हातात.' ते शब्द नियाजला ऐकवेनात. विचार करायच्या आत तोंडातून शब्द निघून गेले.

"पुढच्या रविवारी सातव्या बेटावर जाऊ."

विनायकचा घास तोंडातच राहिला. "आँ? आनी पाचवा-सहावा?"

"ते नंतर बघू. वादळ येतं. होडी भरकटते आणि थेट सातव्या बेटाला लागते."

"नियाजभाई!" वेणू उठूनच उभी राहिली. "खरंच? पुढच्याच रविवारी? मी शाळेची ट्रिप सोडते, गेली खड्ड्यात."

"काय वो नियाजभाय!" विनायक हसायला लागला. "मी मस्कतला निघालो तवा दोन वर्सांसाठी निघालो होतो. पाया पडायचा बाकी होतो तुमच्या, की जायच्या आदी येकदा सातवा दाखवा. तवा काय बोललात? 'जाऊन ये, बेट काय पळून जात नाय!' आनी आता बरा वादळ आला तुमाला!"

विनायकच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. करंजाड्याचा तो भाबडा माणूस, आनंदात होता आणि जे आठवलं ते बोलला. पण खोलीत एकच माणूस हसला नाही. हायमनी कप हळूच बशीत ठेवला. मग नियाजकडे पाहिलं.

लॅबच्या खिडकीपलीकडून नियाजकडे लोक असे रोज बघत. रिपोर्टच्या पाकिटाकडे कुणाचं लक्षच नसे, सगळे त्याचा चेहरा वाचायला बघत. बावीस वर्षांत त्याने चेहरा असा केला होता की त्यावर काही उमटतच नसे, आणि वर ठरलेलं वाक्य, "डॉक्टरांना दाखवा." आताही त्याने चेहरा तसाच केला. पण चेहरा काय कामाचा? चुगली तोंडाने आधीच करून झाली होती. नऊ वर्षांत ज्याने कुणासाठी एक बेट अलीकडे आणलं नाही, तो आज तीन वर्षांचा प्रवास एका वादळात उरकायला निघाला होता. हे फक्त समोरच्या तिघांनाच कळण्यासारखं होतं, आणि तिघांतल्या एकाला कळलं.

आतून हायमच्या पत्नी रेबेकावहिनींनी विचारलं, "काय झालं गं वेणू, एवढा आरडाओरडा?"

"काही नाही," हायमच म्हणाले. "नियाजने सातवं बेट दिलं."

"आत्ताच? अजून पाचवं पण झालं नाही ना?"

हायमनी बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं. मग म्हणाले, "विनायक, ती शेवटची घारी खा आता. उगाच लाजू नकोस."

निघताना हायम नियाजबरोबर खाली आले. नियाज नको नको म्हणत होता, ते ऐकेनात. दर पाच-सहा पायऱ्यांनी थांबत, कठडा धरत उतरले. खाली पार्किंगमध्ये नियाजच्या स्कूटरच्या सीटवर टेकले आणि श्वास जागेवर येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"उद्या रिपोर्ट मिळेल ना?"

"हो. दहानंतर."

"बरं. तुला मी काही विचारत नाही. तू सांगू पण नकोस. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"हायमभाऊ, तसं काही..."

"खोटं बोलू नकोस रे. तुला येत नाही. गोष्टी एवढ्या सांगतोस, पण खोटं बोलता येत नाही."

नियाजच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत-बांधत राहिला. त्याला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती. एक रविवार द्यायला आपण आलो होतो, आणि तोच आपण हातातून काढून घेतला.

"माफ करा हायमभाऊ. मला वाटलं, तुम्हाला ते..."

"काय वाटलं ते कळलं मला. त्याबद्दल राग नाहीये. भीती वाटतेय मला, नियाज. वर ते तिघं बसलेत म्हणून मी बोललो नाही. पाय असे गार पडलेत बघ."

नियाजने त्यांचा हात धरला. हातही गारच होता. जिन्यावरून कुणाची तरी मुलं दडदडत खाली आली, काकांना बघून थबकली आणि पुन्हा पळाली.

"मला एक सांग," हायम म्हणाले. "सातव्या बेटावर काय आहे?"

नियाज हेल्मेटकडे बघायला लागला.

"तुला तरी ठाऊक आहे का?"

"नाही," नियाज म्हणाला. "खुदा की कसम, नाही. नऊ वर्षांत मी काहीच ठरवलं नाही. तुम्ही अंदाज करत गेलात, मी ऐकत गेलो. म्हटलं, यातलाच सगळ्यात चांगला तुमचा घेईन. आज सकाळी बसलो लिहायला. एक ओळ सुचली नाही."

हायम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तरी हसत राहिले. "मला संशय होताच. विनायकला सांगू नकोस, तो बिचारा कोसळेल."

"मग पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी पाचवं." हायमनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "अजगर की विहीर, ते बघू. सातव्यावर मला आता नेऊ नकोस. तिथे एकदा पाय ठेवला की संपलं ना. मग चहाच्या वेळी मी बोलू कशावर? रेबेकाच्या गोळ्यांवर?"

"पण हायमभाऊ, जर..."

"जर नाही पोचलो, तर नाही पोचलो. तू पोच त्या दोघांना घेऊन. मी बाजारहाटाला निघालेल्या माणसासारखा घाईघाईत भावाला भेटणार नाही. इतकी वर्षं त्याच्याकडे जायला निघालोय, तर वाटेतली बेटं करत जाईन." ते उठले. "आणि त्या दोघांना काय सांगायचं ते तूच बघ. वादळ शांत झालं म्हण. सूत्रधार तू आहेस."

ते कठडा धरून वर चढायला लागले. नियाज पाठोपाठ जायला निघाला तर मागे न बघताच म्हणाले, "जा तू. मी येतो थांबत थांबत."

सोमवारी लॅबमध्ये नेहमीप्रमाणे गर्दी होती. खिडकीवर नंबराचे पत्र्याचे बिल्ले दिले जात, आणि बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. मॅडम साडेनऊलाच आल्या, हायमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, सही केली आणि पाकीट नियाजकडे देत म्हणाल्या, "ते आले की आधी त्यांना आत पाठवा. मी समजावून सांगेन."

दहा वाजून पाच मिनिटांनी हायम आले. इस्त्रीचा शर्ट, कंगव्याने नीट मागे फिरवलेले केस. सोबत रेबेकावहिनी होत्या. त्यांनी बिल्ला घेतला, एकतीस नंबर, आणि भिंतीलगतच्या बाकावर दोघं बसले. खिडकीवर चोवीस नंबर चालू होता.

नियाज खुर्चीवरून उठला आणि दार उघडून बाहेर आला. "हायमभाऊ, आत या. मॅडम वाट बघतायत."

हायमनी बिल्ला त्याला दाखवला. "एकतीस आहे आमचा."

"अहो, मॅडमनीच सांगितलंय. तुम्हाला आधी पाठवायला."

"ही सगळी माणसं केव्हाची बसलीत. या सोनाबाई पळस्प्याहून आल्यात, सकाळपासून उपाशी आहेत." शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मान हलवली. हायमनी तेवढ्यात तिचं नावगाव विचारून घेतलं होतं. "आमचा नंबर आला की येतो. तू काम कर तुझं."

रेबेकावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग नियाजकडे. आपली पर्स त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. काही विचारावं असं त्यांच्या ओठांवर येऊन गेलं, पण हायम बसले होते म्हणून त्याही बसून राहिल्या.

"नातू आहे का मस्कतला?" हायम सोनाबाईंना विचारत होते. "अरे वा. आमचा एक पोरगा तिकडे होता दोन वर्षं. तुमच्याकडे येणार कधी तो?"

"या मे म्हयन्यात येतो बोललाय. पन काय खरा नाय त्याचा."

"येईल. मला वाटतं या वेळी येणार."

नियाज परत आत जाऊन खुर्चीवर बसला. हातातलं पाकीट त्याने ढिगाऱ्यात त्याच्या जागी सरकवलं, तीस नंबरच्या खाली आणि बत्तीस नंबरच्या वर. मग घसा साफ केला आणि रोजच्या आवाजात हाक दिली.

"पंचवीस."